'एफ' अडतो कुठे?

गिटार शिकायला लागलेली कितीतरी माणसं 'एफ मेजर' या कॉर्डपाशी अडतात, आणि काही तर तिथूनच गिटार कोपऱ्यात ठेवून देतात. 'सी' जमतो, 'ए मायनर' जमतो, 'जी'लाही बोटं सरावतात. मग त्याच पट्टीत हमखास लागणारा 'एफ' येतो. तर्जनी पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवी टाकायची आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढचा आकार धरायचा. तारा बद्द वाजतात, मनगट भरून येतं आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपल्या बोटांत जोरच नाही. माझ्या मते खरी अडचण जोरापेक्षा जागेची असते. म्हणून 'एफ'ची तयारी पहिल्या फ्रेटवर सुरूच करू नये.

स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण सुमारे ७० किलो असतो. नटपासून घोडीपर्यंत तार ६४८ मिलिमीटर धरली, तर पहिला फ्रेट नटपासून जेमतेम ३६ मिलिमीटरवर येतो. ताणलेली तार टोकाच्या इतक्या जवळ वाकवणं अवघडच. पाचवा फ्रेट नटपासून १६३ मिलिमीटर लांब आहे. तिथे तार सहज झुकते आणि फ्रेटही जवळजवळ असल्यामुळे बोटं कमी ताणावी लागतात. तोच आकार तिथे धरला की 'ए मेजर' वाजतो. तो स्वच्छ वाजू लागल्यावर एकेक फ्रेट नटकडे सरकावं. शिवाय तर्जनीवर समजतो तेवढा भारही नसतो. पाचवी, चौथी आणि तिसरी तार बाकीची बोटं सांभाळतात. तर्जनीने वाजत्या ठेवायच्या त्या फक्त सहावी, दुसरी आणि पहिली. बोटाचा मधला भाग जिवाच्या आकांताने दाबण्यात काहीच अर्थ नाही. बोट किंचित कडेवर कलतं ठेवलं, तर पेरांच्या खळग्यांत तारा दबायच्या राहत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, बोटांना घट्टे पडल्याशिवाय आणि हात कसल्याशिवाय काही होत नाही. ते काही अंशी खरं आहे. पण नटच्या खाचा उथळ असतील, तर कसलेला हातही पहिल्या फ्रेटवर लवकर थकतो. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहावी. ती केसाएवढीच हवी. जास्त असेल तर जाणत्या कारागिराकडून खाचा घासून घ्याव्यात. हे न तपासता नवख्याला 'अजून सराव कर' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसरा आक्षेप कॅपोचा. पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून 'सी'चा आकार धरला की 'एफ'च वाजतो, मग हा खटाटोप कशाला? स्वतःच्या गळ्याला जुळेल तशी पट्टी लावून चार गाणी म्हणायची असतील, तर कॅपो जरूर वापरावा. स्केल चेंजर हार्मोनियम करते तेच काम तो करतो. पण गाण्याच्या मध्येच पट्टी बदलली, तर कॅपो हलवायला वेळ मिळत नाही. 'एफ'चा आकार मात्र तिसऱ्या फ्रेटवर नेला की 'जी', सहाव्यावर नेला की 'बी फ्लॅट' होतो. मधलं बोट उचललं की त्याचाच मायनर होतो. फक्त तेव्हा तिसरी तारही तर्जनीकडे येते, म्हणून तो सराव मेजर पक्का झाल्यावरच घ्यावा.