रंगापासून वीज

पिंपळाचे पान उन्हात स्वस्थ दिसते. पण त्याच्या आत मोठा उद्योग चाललेला असतो. पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाश टिपते आणि त्या बळावर झाड आपले अन्न तयार करते. हीच युक्ती योजून माणसाला वीज मिळविता येईल काय? या प्रश्नाच्या पाठीमागे मायकेल ग्रेट्सेल या शास्त्रज्ञाने आपल्या आयुष्याची कितीतरी वर्षे वेचली.

ग्रेट्सेल यांचा जन्म १९४४ साली जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात झाला. १९७१ मध्ये बर्लिन येथे त्यांनी रसायनशास्त्रात डॉक्टरची पदवी मिळविली. पुढे दोनच वर्षांनी जगभर खनिज तेलाचा तुटवडा पडला आणि अनेक शास्त्रज्ञांची दृष्टी सूर्याकडे वळली. सिलिकॉनचे सौरघट तेव्हा होते. पण त्यासाठी अतिशुद्ध सिलिकॉन लागे आणि खर्चही फार येई.

ग्रेट्सेल स्वित्झर्लंडमधील लोझान येथे प्राध्यापक झाले. रंगद्रव्यावर प्रकाश पडला की त्यातून विजेचे सूक्ष्म कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, सुटतात, हे आधीच ठाऊक होते. पण अडचण अशी, की रंगाचा जो थर खालच्या पदार्थाला प्रत्यक्ष चिकटलेला असेल, तोच आपले इलेक्ट्रॉन त्याला नीट देऊ शकतो. थरावर थर चढवून लाभ नाही. आणि एकच पातळ थर प्रकाश टिपून टिपणार किती? शंभरातला एक भागही नाही!

मग रंग चिकटण्यास जागाच वाढविली तर? येथे थोडे गणित करून पाहा. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर असतो. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे हजार तुकडे केले, तर पृष्ठभागांची बेरीज ६० होते. वस्तू तेवढीच, पृष्ठभाग मात्र दसपट! वीस नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर हीच बेरीज ३०० चौरस मीटर भरेल. मोठ्यांच्या कबड्डीची दोन मैदाने झाकून ती उरेल. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. असे सुमारे चार हजार तुकडे ओळीने मांडले, तर एका केसाची जाडी होते.

ग्रेट्सेल यांनी नेमके हेच केले. पांढऱ्या रंगलेपात वापरतात ते टायटॅनियम डायऑक्साइड त्यांनी अशा अतिसूक्ष्म कणांच्या रूपात काचेवर पसरले. तापविल्यावर कण एकमेकांना चिकटले आणि स्पंजासारखा सच्छिद्र थर तयार झाला. त्यात त्यांनी रंग मुरविला. प्रकाश पडताच रंगातून इलेक्ट्रॉन सुटतो, कणाकणांतून काचेपर्यंत येतो, तारेतून फिरून दिव्याला वीज देतो आणि दुसऱ्या काचेवर पोहोचतो. दोन काचांमधील आयोडीनयुक्त द्रव त्याला पुन्हा रंगाकडे नेऊन सोडतो. रंग खर्ची पडत नाही, ही यातली खरी गंमत. १९९१ मध्ये ग्रेट्सेल आणि ब्रायन ओ'रीगन यांनी हा घट जगापुढे मांडला. पडलेल्या प्रकाशाचा शंभरात सात भागांहून अधिक अंश त्याने विजेत रूपांतरित केला होता.

परदेशांतील शाळांत मुले ब्लॅकबेरीचा रस वापरून असा लहानसा घट बनवितात. जांभूळ खाल्ल्यावर जीभ रंगते, ती त्याच जातीच्या रंगद्रव्यामुळे.

हा घट मंद प्रकाशातही काम करतो आणि काचेसारखा पारदर्शक व रंगीत करता येतो. लोझान येथील एका सभागृहाला २०१४ मध्ये अशाच रंगीत काचांची भिंत बसविली आहे. २०१० मध्ये ग्रेट्सेल यांना फिनलंडचा 'मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार' मिळाला. तरीही सिलिकॉनला हा घट मागे टाकू शकला नाही. त्यातील द्रव गळण्याचे भय असते, आणि वीजही कमी मिळते.

मात्र २००९ मध्ये जपानी संशोधकांनी याच घटात रंगाऐवजी पेरोव्स्काइट नावाच्या वर्गातील स्फटिक वापरले. तेव्हा शंभरात चार भागही वीज मिळाली नव्हती. पुढे द्रव काढून टाकून घन पदार्थ योजले गेले, आणि आज प्रयोगशाळेतील असे घट पंचवीस भागांच्याही वर गेले आहेत. दोष उरलेच आहेत: हे स्फटिक ओलाव्याने बिघडतात आणि त्यांपैकी बहुतेकांत विषारी शिसे असते. ते दूर करण्याचे प्रयत्न देशोदेशींच्या प्रयोगशाळांत चालू आहेत.