भाकर मागायची ती कोणत्या बोलीत?

मराठी बायबल कधी चाळलं असेल तर येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना तुमच्या नजरेखालून गेली असेल. त्यात देवाकडे रोजची 'भाकर' मागितली आहे. तिकडच्या मुलखात खाणं गव्हा-जवाचं. पण भाषांतर करणाऱ्यांनी आपल्या चुलीवरचा शब्द उचलला. मागणं पोटातून यायचं तर शब्दही घरचाच लागतो.

पंडिता रमाबाईंनी हेच व्रत घेतलं होतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या, फारसं न शिकलेल्या बायापोरी होत्या. त्यांना कळेल असं साधं मराठी बायबल करायचं म्हणून बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षं त्या कामाला जुंपून घेतलं. छपाईही मिशनातल्याच बायकांनी केली. शेवटची मुद्रितं तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावं अशी त्यांनी प्रार्थना केली, असं सांगतात. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये निघालं.

ही झाली मराठीची गोष्ट. आता आपल्या झरी जामणीतल्या कोलाम पोडावर चला. तिथल्या म्हाताऱ्यांची बोली कोलामी. ती मराठीची पोटबोली आहे असं पुष्कळांना वाटतं; तसं नाही. ती तेलुगू, गोंडीच्या कुळातली. पाण्याला कोलामीत 'ईर' म्हणतात आणि तेलुगूतलं 'नीरु' त्याचंच भावंड. एमेनो नावाच्या अमेरिकेतल्या अभ्यासकाने या बोलीवर 1955 मध्ये अख्खं पुस्तक काढलं. पण तिला स्वतःची जुनी लिपी नाही.

अशा बोलीत बायबल आणायला बसलेल्या माणसाची पहिली अडचण देवाच्या नावाची. कोलामांचा देव भीमायक. शेजारच्या आदिलाबादेत गोंडसुद्धा त्या भूमीच्या देवांसाठी कोलाम पुजाऱ्याला बोलावत, हे हायमेनडॉर्फ या अभ्यासकाने लिहून ठेवलंय. म्हणजे नवस, गाऱ्हाणं, प्रसाद यांचे शब्द पोडावर आधीपासून आहेत. ते घ्यावेत तर त्यांच्यासोबत जुना देवही येतो. मराठी 'परमेश्वर' घ्यावा तर म्हातारी मान डोलावते, पण तो कोण ते तिला उमगत नाही. हा पेच कोशात पाहून सुटत नाही. श्रद्धावान भाषांतरकार म्हणूनच प्रार्थना करतो आणि पोडावर जाऊन बसतो. माझ्या मते दुसरं काम पहिल्याइतकंच मोठं. कोणाचा धर्म कोणता असावा, हा इथे प्रश्नच नाही.

त्यांची एक रीत मात्र ग्रामसेवक-तलाठ्यांनी उचलण्यासारखी आहे. मजकूर तयार झाला की तो आधी न ऐकलेल्या माणसाला वाचून दाखवायचा. "समजलं का?" असं विचारायचं नाही, कारण 'हो' कुणीही म्हणतो. "आता तुमच्या बोलीत मला सांगा," असं म्हणायचं. जिथे तो अडखळेल तिथला शब्द बदलायचा आणि पुन्हा वाचायचा. घरकुलाची किंवा वनहक्काची नोटीस पुढच्या खेपेला पोडावर अशी वाचून बघा. आणि सांगायला बसवाल ती म्हातारी असू द्या, शाळेत जाणारा नातू नको.