शिकारीची गोळी : किस्सा आणि कसोटी

एका गोळीत हरीण जागीच कोसळले, एवढ्यावरून अमेरिकेतील अनेक शिकारी गोळीचा दर्जा ठरवतात. पण अंतर, कोन, गोळी हाडाला लागली की फुप्फुसाला, हे दर वेळी बदलते. शिवाय जखमी होऊन निसटलेल्या जनावरातली गोळी तपासायला मिळतच नाही.

नियंत्रित चाचणीत लक्ष्य एकसारखे असते. १९८०च्या दशकात अमेरिकी लष्करातील शल्यविशारद मार्टिन फॅकलर यांनी ४ अंश सेल्सियसला ठेवलेल्या १० टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यांची पद्धत रूढ केली. गोळी किती खोल जाते, किती फुलते आणि तिचे किती वजन उरते, हे त्यात मोजता येते. मात्र साध्या ठोकळ्यात कातडी वा हाडे नसतात. तरीही लक्ष्य एकसारखे असल्याने गोळ्यांची तुलना चाचणीवरून करावी. किस्स्यांतून पुढच्या चाचणीसाठी प्रश्न घ्यावेत.