कासव घरात आहे? मग एवढं ऐकाच



गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आमच्या शेजारच्या वहिनी दारात आल्या. हातात प्लास्टिकचा डबा, डब्यात चार बोटं पाणी आणि पाण्यात पोराच्या तळहाताएवढं कासव. डोळे सुजून मिटलेले. म्हणाल्या, "ताई, तुम्ही शेळ्यांना औषध देता ना, मग ह्यालाही बघा की. आठ दिवस झाले, खात नाही, डोळे उघडत नाही. पोरगं रडून रडून बेजार झालंय."

मी पशुसखी. शेळी-कोंबडीचं मला कळतं, कासवाचं काय कळणार? पिशवीत शेळ्यांच्या जंताचं औषध होतं. पण मनानं काही दिलं नाही आणि ते बरंच झालं. का, ते पुढं सांगते. आम्ही दोघी डबा घेऊन तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "खायला काय घालता? आणि ऊन मिळतं का?" वहिनी म्हणाल्या, "भात घालतो, कधी मुरमुरे. डबा मोरीजवळ असतो." डॉक्टर म्हणाले, "पोट भरतंय, पण अंगाला काही लागत नाही." त्या दिवशी जे समजलं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी ओळखा, कासव कोणतं

आपल्या देवळात नंदीच्या पुढं कासव असतं. जेजुरीला खंडोबापुढचं भलंमोठं पितळी कासव तर सगळ्यांनी पाहिलेलं. म्हणून कासव घरात आलं की लक्ष्मी आली, विहिरीत सोडलं की पाणी चांगलं राहतं, असं आपण मानतो. श्रद्धा असू द्या, पण कायदाही माहीत असू द्या.

ओढ्यात, तळ्यात, भाताच्या खाचरात सापडणारं मऊ पाठीचं कासव असतं, तसंच पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं जमिनीवरचं तारा कासव असतं. ही दोन्ही आपल्या देशातली रानटी कासवं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती पकडणं, पाळणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. दोन्ही जाती कायद्याच्या पहिल्या यादीत आहेत आणि या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आहे. शेतात असं कासव दिसलं तर त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्या. जखमी असेल किंवा कुणाच्या घरात आधीपासून असेल तर वन विभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा.

दुकानात मिळतं ते बहुतेक वेळा परदेशी कासव असतं. डोळ्यामागं लाल पट्टा, ही त्याची खूण. मूळचं ते अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. विकताना ते रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं असतं. दुकानदार सांगत नाही की मादी वाढून जेवणाच्या ताटाएवढी होते आणि नीट सांभाळलं तर कासव वीस-तीस वर्षं जगतं. पोरगं पाचवीत असताना आणलेलं कासव त्याच्या लग्नातही असणार! तेव्हा आणण्याआधी शंभरदा विचार करा. वहिनींचं कासव हेच लाल पट्ट्याचं होतं. यापुढचं सगळं याच कासवाबद्दल आहे.

ऊन, पाणी आणि खाणं

कासवाचं रक्त आपल्यासारखं आपोआप गरम राहत नाही. अंग तापवायला त्याला ऊन लागतं. अंग गार पडलं की भूक मरते, खाल्लेलं पचत नाही आणि रोगाशी लढायची ताकदही कमी होते. थंडीच्या दिवसांत कासवं जास्त आजारी पडतात ती यामुळंच.

म्हणून डब्यात ठेवू नका. मोठा टब किंवा घमेलं घ्या. कासव मोकळं पोहेल एवढं पाणी घाला आणि एका बाजूला वीट किंवा सपाट दगड असा ठेवा की त्यावर चढून त्याला पूर्ण कोरडं बसता येईल. दिवसभर ओलं राहिलं की कवच कुजतं. सकाळचं कोवळं ऊन रोज अर्धा-पाऊण तास द्या. ऊन थेट अंगावर पडलं पाहिजे, कारण हाडं मजबूत करणारे किरण काचेतून येत नाहीत. टबाचा अर्धा भाग मात्र सावलीत ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात कासव भाजून मरतं. कावळा, मांजर, कुत्रं यांच्यापासून जपायला वर जाळी घाला. हिवाळ्यात रात्री टब घरात घ्या.

नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग वापरा. कासव पाण्यातच खातं आणि पाण्यातच घाण करतं. त्यामुळं खाल्ल्यावर अर्ध्या तासात उरलेलं काढा आणि पाणी गढूळ होण्याआधी बदला.

खाण्यात भात, चपाती, पाव, बिस्कीट, मुरमुरे, दूध नको. शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा, गांडूळ आणि काट्यासकट बारीक ताजी मासळी चालते. पालक कधीतरीच द्या, त्यानं चुना अंगाला लागत नाही. सुकट खारट असते, ती नको. दुकानात कासवाचं दाणेदार खाद्य मिळतं, तेही चांगलं. लहान कासवाला रोज आणि मोठ्याला दिवसाआड द्या. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्याचा तुकडा पाण्यात टाकून ठेवा. कासव तो कुरतडतं आणि त्याला कॅल्शियम मिळतं.

ही लक्षणं दिसली की थांबू नका

शेळी आजारी पडली की ओरडते. कासव ओरडत नाही आणि कण्हतही नाही. ते नुसतं गप्प बसतं, म्हणून आपल्याला उशिरा कळतं. रोज ऊन देताना त्याच्याकडं एकदा नीट पाहा.

डोळे सुजलेत, मिटलेत: खाण्यात अ जीवनसत्त्व कमी पडलं किंवा पाणी घाण आहे. दिसत नाही म्हणून ते खात नाही आणि खात नाही म्हणून आणखी खंगतं.

कवच बोटानं दाबलं की दबतं किंवा वेडंवाकडं वाढतंय: ऊन आणि कॅल्शियम कमी. अगदी लहान पिल्लाचं कवच थोडं मऊ असतं, पण मोठ्याचं टणकच हवं.

कवचावर खड्डे, पांढरट डाग, दुर्गंधी: कवच कुजायला लागलंय. पातळ, पारदर्शक पापुद्रे सुटत असतील आणि खाली कवच स्वच्छ, टणक असेल तर घाबरू नका. वाढताना तसं होतं. पापुद्रा ओढून काढू नका.

नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, पोहताना एका अंगाला कलणं: फुप्फुसाचा आजार. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शेपटीखाली लाल मांस बाहेर आलंय: ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा आणि लगेच निघा.

नेताना कासव पाण्यात ठेवू नका. खोक्यात ओलसर कापड घालून, वारा लागणार नाही असं न्या. जनावरांचा फिरता दवाखाना हवा असेल तर 1962 नंबर आहे.

हे कधीच करू नका

आता माझ्या पिशवीतल्या औषधाची गोष्ट. शेळ्यांच्या जंतांवर आपण आयव्हरमेक्टिन देतो. कासवाला ते विषासारखं असतं, त्यानं अंग लुळं पडून ते मरतं. त्या दिवशी वहिनींच्या भरीला पडून मी दोन थेंब दिले असते तर पोराचं कासव माझ्या हातानं गेलं असतं. पशुसखी ऐकत असतील त्यांनी हे वहीत लिहून ठेवावं.

कवचाला तेल, रंग, नेलपॉलिश लावू नका, त्याला भोक पाडून दोरी बांधू नका. कवच म्हणजे अंगावर ठेवलेलं झाकण नव्हे. त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा त्यातच आहे, तिथं दुखतं.

आणि लेकरांसाठी एक गोष्ट. कासव धडधाकट दिसलं तरी त्याच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. त्यानं ताप, जुलाब, उलट्या होतात. चार इंचांपेक्षा लहान कासवं मुलं तोंडात घालतात म्हणून अमेरिकेत 1975 पासून अशी कासवं पाळायला विकण्यावर बंदी आहे. टब मोरीत भांड्यांजवळ रिकामा करू नका. ते पाणी परसातल्या फुलझाडांना घाला. पालेभाजीच्या वाफ्यात नको. हात लावला की साबणानं धुवायचेच. पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, आजारी म्हातारं माणूस असेल त्या घरात नवीन कासव आणूच नका.

शेवटचं. सांभाळणं झालं नाही म्हणून लाल पट्ट्याचं कासव नदीत, तळ्यात, विहिरीत सोडू नका. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. ते आपल्या मऊ पाठीच्या कासवांचं खाणं आणि जागा बळकावतं, आजारही पसरवतं. सोडणं हे पुण्य नाही. वन विभागाला किंवा प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेला विचारा.

वहिनींचं कासव कसं आहे? डॉक्टरांनी औषध दिलं, वहिनींनी टब अंगणात आणला, पोरगं शेवग्याचा पाला तोडून घालायला लागलं. तीन आठवड्यांनी त्यानं एक डोळा उघडला. पोरगं पळत सांगायला आलं, "काकू, त्यानं माझ्याकडं बघितलं!" मी विचारलं, "हात धुतलेस का?" तसंच मागं पळालं.

पुढच्या गटाच्या बैठकीत एक काम करा. गावात कुणाच्या घरी, कुणाच्या विहिरीत कासव आहे ते विचारा आणि आज ऐकलेलं त्या बाईला सांगा. नमस्कार.