डाळिंबावरचा डाग आधी ओळखा, मग पंप पाठीवर घ्या

खंडाळा | प्रतिनिधी

पावसाची उघडझाप सुरू झाली की खंडाळा तालुक्याच्या लोणंदकडच्या पट्ट्यात औषध दुकानांत एकच गर्दी होते. पानावर डाग दिसला, फोटो काढला, दुकानदाराला दाखवला आणि दोन-तीन पुड्या घेऊन शेतकरी घरी. फवारणी झाली तरी डाग थांबत नाही. औषध बोगस निघालं, असं मग बांधावर बोललं जातं. बऱ्याच वेळा औषध चांगलं असतं, रोग दुसराच असतो.

तेल्याचंच घ्या. तो बुरशीचा नव्हे, जिवाणूचा रोग. पानावर तेलकट, पाणी मुरल्यासारखा ठिपका पडतो आणि फळाला इंग्रजी 'वाय' किंवा 'एल' अक्षरासारखी चीर जाते. यावर मॅन्कोझेब कितीही मारलं तरी पैसे पाण्यात. ताम्रयुक्त औषधाने थोडाफार आळा बसतो. खरा उपाय म्हणजे रोगट फळं-फांद्या काढून जाळणं, कात्री निर्जंतुक करणं आणि पावसाळ्यातला मृग बहार टाळणं. फळावर चिरा न जाता नुसते बारीक काळे ठिपके असतील, तर ती बहुतेक सर्कोस्पोरा बुरशी. तिथे मॅन्कोझेब चालतं. पण ते स्पर्शजन्य, पानाच्या आत शिरत नाही. रोग येण्याआधी मारलं तरच उपयोग.

सगळ्यात जास्त घात करतो तो मर रोग. आधी एखादीच फांदी पिवळी पडते, नंतर उभं झाड वाळतं. खोड आडवं कापलं की आत तपकिरी-काळपट पट्टे दिसतात. सेराटोसिस्टिस नावाची ही बुरशी मातीतून, पाटाच्या पाण्यातून आणि रोगट रोपांतून पसरते. खोडाला बारीक भोकं पाडणारा भुंगेराही तिला मदत करतो. धोम-बलकवडीचं पाणी आल्यावर भारी जमिनीतही डाळिंब लागलं. पाणी आहे म्हणून रोज ड्रिप सोडलं तर मुळाशी कायम ओल राहते, आणि मर रोगाला तेच हवं असतं. मेलेलं झाड बागेतून ओढत नेऊ नये, जागेवरच तोडून जाळावं. शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या झाडांनाही प्रोपिकोनॅझोलची आळवणी करावी, कारण मुळातून रोग तिकडे गेलेला असू शकतो. प्रमाण सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशीप्रमाणेच घ्यावं.

ट्रायकोडर्माबाबत एक चूक सर्रास होते. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे, फक्त आपल्या बाजूची. सकाळी बुरशीनाशकाची आळवणी आणि संध्याकाळी ट्रायकोडर्मा, म्हणजे आपलंच माणूस आपण मारलं. मध्ये किमान 15 ते 20 दिवस जाऊ द्यावेत. मुरलेल्या शेणखतात मिसळून, ओल असताना खोडाभोवती दिलं तर ते टिकतं. कोरड्या मातीत टाकलेली पावडर वाया जाते.

बाग ताणावर असताना बोर्डो मिश्रण हे जुनं आणि स्वस्त औषध. 1885 च्या सुमारास फ्रान्समधल्या बोर्डो भागात द्राक्षाच्या केवड्यावर ते प्रथम वापरात आलं. एक टक्क्यासाठी 1 किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात आणि 1 किलो कळीचा चुना दुसऱ्या 50 लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या पिंपात. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतून काठीने ढवळावं. लोखंडी विळा क्षणभर बुडवून पाहावा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी निवळी घालावी. नाहीतर पानं करपतात. मिश्रण त्याच दिवशी संपवावं, त्यात दुसरं कुठलंही औषध घालू नये. फळं मोठी झाल्यावर मारलं की निळे डाग पडतात आणि बाजारात भाव मोडतो.

भुरीवर गंधक उत्तम, पण कडक उन्हात मारलं तर कोवळी पानं भाजतात. आंतरप्रवाही औषध मात्र लागोपाठ एकाच गटातलं घेऊ नये, बुरशी त्याला सरावते. व्यापारी माल उचलायला यायच्या आधी डब्यावरचा काढणीपूर्व कालावधी वाचावा. अक्षर बारीक असतं, तरी वाचावं.