माप कोणाच्या हातात? मोह, बिअर आणि दारूबंदी

दारू चांगली की वाईट, यावर व्याख्यान द्यायला कोणी मला बोलावू नये. त्याचं उत्तर तुम्हाला माझ्या आधीच ठाऊक असतं आणि ते ऐकून कोणी पेला खाली ठेवल्याचं मी पाहिलेलं नाही. आज मला वेगळा प्रश्न घ्यायचा आहे. जिथे माणसं पितात, तिथे किती प्यायचं, कधी प्यायचं, कोणी प्यायचं याचं माप कोणाच्या तरी हातात असतंच. ते कोणाच्या हातात असावं? तत्त्वज्ञानातला हा जुना प्रश्न चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत फार तीव्रपणे विचारला गेला. म्हणून बोलायचं ते इथल्याच मातीवरून.

सुरुवात मोहापासून करू. मार्च-एप्रिलमध्ये रात्रभर आणि पहाटे मोहाची फुलं गळतात. उजाडायच्या आत बाया-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली हजर असतात. फूल मांसल, गोड, साखरेने भरलेलं. ते वाळवतात, भाजून-शिजवून खातात, विकतात. बियांचं तेल निघतं. तेव्हा मोह म्हणजे दारूचं झाड, ही शहरी समजूत अर्धवट आहे. तुटीच्या महिन्यांत या झाडाने घरं जगवली आहेत.

आता त्यापासून दारू कशी होते ते पाहू, कारण पुढचा युक्तिवाद त्यावर उभा आहे. वाळलेली फुलं पाण्यात काही दिवस भिजत घालतात. त्याला सडवा म्हणतात. हवेतलं आणि फुलावरचं यीस्ट साखर खातं आणि मद्यार्क तयार करतं. पण ही प्रक्रिया स्वतःच स्वतःला थांबवते. मद्यार्काचं प्रमाण बारा-पंधरा टक्क्यांच्या आसपास गेलं, की यीस्ट त्यातच मरतं. म्हणजे नुसत्या आंबवण्याला निसर्गानेच एक मर्यादा घातलेली आहे. ती मर्यादा माणूस ओलांडतो भट्टी लावून. सडवा तापवायचा, वाफ थंड करायची, थेंब थेंब गोळा करायचे. ‘पहिल्या धारेची’ हा शब्द आपण सहज वापरतो, तो इथून आला. ती सगळ्यात कडक.

जगातली पेयं या दोन घरांत वाटता येतात. आंबवलेली आणि गाळलेली. बिअर आंबवलेली. भामरागडकडे माडिया लोक गोरगा नावाच्या ताडवर्गीय झाडाचा रस पितात, तोही आंबवलेला. पलीकडे बस्तरात त्याला सल्फी म्हणतात. तिथेच तांदळाचा लांदाही करतात, ती खरं तर तांदळाची बिअरच. मोहाची दारू मात्र गाळलेली. एकाच पंगतीत दोन्ही प्यायली जातात, पण शरीराला आणि संसाराला त्या दोन सारख्या नाहीत.

आपली व्याख्यानं ऐकणाऱ्यांत कॅनडात स्थायिक झालेलीही काही मंडळी आहेत. तिकडे बिअर म्हणजे केवळ पेय नाही, शेजारधर्माचा भाग आहे. आइस हॉकीचा सामना, उन्हाळ्यातलं अंगणातलं जेवण, कामावरून सुटल्यावरची बैठक, सगळीकडे बिअर. मॉन्ट्रियलमध्ये जॉन मोल्सन यांनी 1786 साली मद्यशाळा काढली. पुढे बिअरच्या जाहिराती आणि देशाभिमान हातात हात घालून चालू लागले. तिथली नेहमीची बिअर साधारण 5 टक्क्यांची. आपल्याकडे खपते ती बहुतांशी ‘स्ट्राँग’, 8 टक्क्यांपर्यंत जाणारी. तिकडे गप्पा लांबाव्यात म्हणून पितात, इकडे लवकर चढावी म्हणून घेतात. बाटलीवर नाव एकच, पण पिण्यामागचा हेतू निराळा.

पण कॅनडा हा सुखाने बिअर पिणारा देश आहे, एवढंच चित्र अपुरं आहे. त्या देशानेही माप कोणाच्या हातात, या प्रश्नाशी शंभर वर्षं झटापट केली. 1878 साली तिथे ‘कॅनडा टेम्परन्स ॲक्ट’ आला. एखाद्या शहराने किंवा परगण्याने बहुमताने ठरवलं, तर तिथली किरकोळ दारूविक्री बंद. पुढे प्रिन्स एडवर्ड आयलंड या प्रांतात 1901 ते 1948 बंदी होती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जवळजवळ सगळा देश कोरडा झाला. नंतर प्रांतांनी बंदी उठवली, पण दुकान मोकळं सोडलं नाही. विक्री सरकारी मंडळांच्या हाती दिली. ऑन्टॅरिओत हे मंडळ 1927 साली आलं आणि पुढे कित्येक वर्षं गिऱ्हाइकाला परवाना दाखवूनच बाटली मिळत असे.

यात एक काळी बाजू आहे. तिथल्या आदिवासींवर मात्र वेगळा कायदा होता. गोऱ्याने प्यायली तर ती करमणूक, आदिवासीने प्यायली तर गुन्हा. 1969 साली ड्रायबोन्स खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वंशावरून असा भेद करणारं कलम अमान्य केलं. म्हणजे माप बाहेरच्याने ठरवलं, की ते कधी कधी संरक्षण नसतं, अपमान असतो. हे आपण लक्षात ठेवू.

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. गोंड, माडिया, कोलाम यांच्या जगण्यात दारूला जागा होती आणि आहे. जन्म, लग्न, मरण, पेरणी, देवकार्य. आधी पूर्वजांच्या नावाने काही थेंब जमिनीवर सांडायचे, मग आपण घ्यायची. या पद्धतीत माप दडलेलं होतं. फुलांचा हंगाम वर्षातून एकदाच. भांडं मातीचं, लहान. पिणं चार लोकांसमोर. ॲरिस्टॉटल ज्याला मध्यम म्हणतो, तो इथे उपदेशातून नव्हे, सवयीतून आणि टंचाईतून साधला जात होता.

हे माप मोडलं कोणी? मोठा वाटा सरकारी महसुलाचा आहे. इंग्रजांनी दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क लिलावात काढला. घरात होणारी वस्तू ठेकेदाराच्या दुकानात गेली. मुंबई इलाख्यात तर 1892 साली खास मोहफुलांसाठी कायदा झाला, म्हणजे झाडाखाली पडलेलं फूल उचलणं हीसुद्धा अबकारी खात्याची बाब ठरली. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, पण धोरणाचा रोख तोच. ठेकेदाराला सण कळत नाही, त्याला खप कळतो. पुढे खाणी आल्या, कागद कारखाना आला, वीजकेंद्र आलं, रोख मजुरी आली. हंगाम संपला तरी गूळ आणि नवसागर घालून हातभट्टी बारा महिने चालू राहिली. पेय तेच राहिलं असं आपण म्हणतो, पण त्याच्याभोवतीचं कुंपण गेलं होतं.

इथे काही अभ्यासक थांबतात आणि म्हणतात, जुनी पद्धत परत आणा. मला ते पटत नाही. जुन्या पद्धतीतही एक उणीव होती. पुष्कळ ठिकाणी भट्टी बाई लावायची, फुलं बाई वेचायची. पण पंच बसायचे ते पुरुष. दंडसुद्धा अनेकदा दारूच्याच रूपात घेतला जायचा. जास्त झाल्यावर मार कोण खातं, घरातलं धान्य कोणाच्या हातून जातं, हे ज्यांना माहीत होतं, त्यांचा माप ठरवण्यात आवाज कमी होता.

तो आवाज गडचिरोलीत उठला. हा जिल्हा चंद्रपूरमधून 1982 साली वेगळा झाला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्या दशकाच्या अखेरीस गावोगावच्या स्त्रिया, कार्यकर्ते, आदिवासी पुढारी एकत्र आले आणि 1993 पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. चंद्रपुरात ‘श्रमिक एल्गार’च्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली 2010 साली हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे चालत गेल्या. 1 एप्रिल 2015 पासून तिथेही बंदी आली. आणि मे 2021 मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली.

या दोन जिल्ह्यांत काय फरक पडला, यावर लोक तावातावाने भांडतात. मी कायद्याच्या तात्त्विक बाजूपुरतं बोलतो. जॉन स्टुअर्ट मिलने 1859 साली ‘ऑन लिबर्टी’मध्ये दारूबंदीला कडाडून विरोध केला. त्याचा मुद्दा असा, की माणसाने स्वतःचं काय करावं हा त्याचा प्रश्न आहे. दारूबंदीविरोधक मिलचा हा भाग आवर्जून सांगतात. पण त्याच पुस्तकात तो पुढे म्हणतो, की नशेत एकदा दुसऱ्यावर हिंसा करून शिक्षा झालेल्या माणसावर पिण्याबाबत खास बंधन घालायला हरकत नाही. म्हणजे मिलच्या लेखीही सीमारेषा दुसऱ्याला होणाऱ्या इजेपाशी आहे. चिमूरहून चालत निघालेल्या स्त्रिया नेमकं हेच सांगत होत्या. तो पितो हा प्रश्न नाही, त्याचं पिणं माझ्या अंगावर येतं हा प्रश्न आहे. ही उदारमतवादाच्या विरुद्धची मागणी नव्हती.

मग बंदी उठली ती चूक की बरोबर? चंद्रपूरला तेलंगणाची सीमा लागून आहे, यवतमाळ आणि नागपूर जिल्हे शेजारी आहेत. बंदीच्या काळात चोरटी वाहतूक वाढली, बनावट दारू आली, हे बंदी उठवणाऱ्यांचं म्हणणं होतं आणि ते निराधार नव्हतं. पण त्यातून बंदी व्यर्थ असते हा निष्कर्ष निघत नाही. एवढाच निघतो, की केवळ मुंबईतल्या आदेशाने लागू झालेलं माप मुंबईतल्याच आदेशाने काढूनही घेता येतं. मागणी खालून आली होती, अंमल मात्र पोलिसांवर सोडला गेला. गडचिरोलीत बंदी टिकली, त्याचं एक कारण तिथे गावागावात त्यासाठी माणसं उभी करण्याचं काम चालू राहिलं. 2016 पासूनचा ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम त्याच वाटेवरचा.

आपल्या कायद्यात एक दार आधीच उघडं आहे, त्याकडे फारसं कोणी पाहत नाही. 1996चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रांना लागू आहे. गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपूरचा काही भाग त्यात येतो. मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालणं, नियमन करणं किंवा मर्यादा आणणं, हा अधिकार त्या कायद्याने ग्रामसभेला आणि पंचायतीला दिला आहे. तीन क्रियापदं आहेत, नीट ऐका: बंदी, नियमन, मर्यादा. म्हणजे गावाला फक्त हो किंवा नाही म्हणायचं नाही. देवकार्याला इतकी, बाजारासाठी अजिबात नाही, अशी सीमाही विचारात घेता येते. बाकी महाराष्ट्रात 2008 पासून ‘उभी बाटली, आडवी बाटली’चं मतदान आहे. एक चतुर्थांश स्त्रियांनी मागणी केली की मतदान होतं आणि निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. कॅनडातल्या 1878च्या कायद्यामागे जी कल्पना होती, तीच इथे वेगळ्या वेषात आली आहे.

तर माझं उत्तर असं. माप ठेकेदाराच्या हातात नको, कारण त्याला अतिरेकातच नफा. ते निव्वळ परंपरेच्या हातात नको, कारण परंपरेने सगळ्यांना बोलू दिलं नाही. एकट्या सरकारच्या हातात नको, कारण सरकार बदलतं आणि त्याला महसूलही हवा असतो. अतिरेकाची किंमत जो मोजतो, माप त्याच्या हातात असावं. आपल्या जंगलपट्टीत ती किंमत बहुतेक वेळा बाई मोजते. म्हणून ग्रामसभेत दारूचा विषय निघेल तेव्हा आधी एवढंच पाहा, बाया पुढे बसल्या आहेत की मागे भिंतीला टेकून उभ्या आहेत. त्या मागे उभ्या असतील, तर ठराव बंदीचा होवो की परवान्याचा, माप अजून चुकीच्याच हातात आहे.