व्हॉलीबॉलचा खेळ व त्याचे नियम

व्हॉलीबॉल हा खेळ ठाऊक नाहीं असा विद्यार्थी आज शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. दोन खांब, एक जाळें व एक चेंडू एवढ्याच सामग्रीवर तो उभा राहतो. म्हणून ज्या शाळेस इतर खेळांचा खर्च झेपत नाहीं तिच्या पटांगणावरहि संध्याकाळीं तो चाललेला दिसतो. परंतु जो खेळ सर्वांना येतो असें आपण समजतों, त्याचेच नियम पुष्कळांना अर्धवट माहीत असतात. मग चेंडू कितीदां मारावा, कोणीं कोठें उभें राहावें यांबद्दल वाद माजतो, आणि वादांत ज्याचा आवाज मोठा त्याचेंच म्हणणें खरें ठरतें. यास्तव या खेळाचे मुख्य नियम व त्यांतील शब्द येथें क्रमानें सांगावे, आणि त्या नियमांचें प्रयोजन काय हेंहि दाखवावें, असा आमचा विचार आहे.

प्रथम थोडा इतिहास. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत होल्योक या गांवीं यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शाखेंत विल्यम मॉर्गन हे व्यायामशिक्षक होते. जवळच्याच स्प्रिंगफील्ड येथें १८९१ सालीं जेम्स नेस्मिथ यांनीं बास्केटबॉलचा खेळ काढला होता. पण त्यांतील धांवपळ व धक्काबुक्की प्रौढ व्यापारी मंडळींस मानवेना. म्हणून १८९५ सालीं मॉर्गन यांनीं ६ फूट ६ इंच उंचीवर जाळें बांधलें, आणि त्यावरून चेंडू हातांनीं टोलवावयाचा नवा खेळ बसविला. त्याचें पहिलें नांव 'मिंटोनेट' असें होतें. पुढच्या वर्षीं स्प्रिंगफील्ड येथें तो दाखविण्यांत आला, तेव्हां आल्फ्रेड हॉलस्टेड यांनीं 'व्हॉली बॉल' हें नांव सुचविलें. कारण चेंडू जमिनीस टेकण्यापूर्वींच परतविणें यास टेनिसमध्यें 'व्हॉली' म्हणतात. त्या वेळीं एका बाजूस कितीहि गडी असत व चेंडू कितीहि वेळां मारतां येई. या असोसिएशनच्या शिक्षकांनींच हा खेळ आशियांत आणला. फिलिपाइन्समध्यें १९१६ च्या सुमारास चेंडू उंच उडवून देणें व दुसऱ्यानें तो जोरानें खालीं हाणणें ही पद्धत निघाली. १९२० सालीं तीन स्पर्शांचा नियम झाला. हिंदुस्थानांतहि खेळ याच वाटेनें आला.

आतां क्रीडांगण पाहूं. तें १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद असतें, आणि मधल्या रेषेनें त्याचे दोन समान चौरस होतात. रेषा ५ सेंटिमीटर रुंदीच्या असून त्या अंगणांतच मोजल्या जातात. म्हणून रेषेवर पडलेला चेंडू आंतच समजावा. मधल्या रेषेपासून ३ मीटरांवर दोन्ही बाजूंस एकेक आक्रमणरेषा असते. जाळ्याची उंची पुरुषांकरितां २.४३ मीटर व स्त्रियांकरितां २.२४ मीटर ठेवितात. लहान मुलांसाठीं ती कमी करावी हेंच योग्य. जाळ्याच्या दोन्ही कडांस अँटेना नांवाच्या उभ्या कांड्या बांधतात. चेंडू पलीकडे जावयाचा तो या दोहोंच्या मधूनच गेला पाहिजे. चेंडूचा घेर ६५ ते ६७ सेंटिमीटर व वजन २६० ते २८० ग्रॅम असतें.

प्रत्येक बाजूस सहा गडी. तीन पुढें व तीन मागें. जाळ्याकडे तोंड करून उभें राहिलें असतां मागचा उजवा कोपरा ही पहिली जागा होय. तिच्यापुढें जाळ्याजवळ दुसरी, मध्यें तिसरी, डावीकडे चवथी. चवथीच्या मागें पांचवी, आणि मागल्या ओळीच्या मध्यें सहावी. प्रतिपक्षाकडून सर्व्हिस आपल्याकडे आली कीं सर्व गड्यांनीं घड्याळाच्या कांट्याप्रमाणें एकेक जागा सरकावयाचें. दुसरा पहिल्याच्या जागीं जाऊन सर्व्हिस करतो, पहिला सहाव्याच्या जागीं जातो. यास 'रोटेशन' म्हणजे फेरपालट म्हणतात. सर्व्हिस घेणाऱ्या संघाचे गडी त्या क्षणीं या क्रमांत नसतील, तर गुण प्रतिपक्षास मिळतो. चेंडूस हात लागल्यावर मात्र कोणींहि कोठेंहि धांवावें.

'सर्व्हिस' म्हणजे मागच्या रेषेबाहेरून एका हातानें चेंडू मारून खेळ सुरू करणें. पंचांची शिटी झाल्यावर ८ सेकंदांच्या आंत ती केली पाहिजे, आणि मारतांना पाय रेषेवर असूं नये. पूर्वीं जाळ्यास लागलेली सर्व्हिस फुकट जाई. आतां ती पलीकडे पडली तर चांगलीच समजली जाते.

यानंतर खेळाचें मर्म येतें. चेंडू आपल्या बाजूस आला म्हणजे संघानें तो जास्तींत जास्त तीनदां मारून परत धाडावयाचा. आणि एकाच गड्यानें लागोपाठ दोनदां मारावयाचा नाहीं. पहिला स्पर्श 'पास'. गुडघे वांकवून, दोन्ही हात जोडून, मनगटांच्या वरच्या सपाट भागावर चेंडू घेतात व तो जाळ्याजवळच्या सोबत्याकडे पाठवितात. दुसरा स्पर्श 'सेट'. हा गडी बोटांच्या अग्रांनीं चेंडू जाळ्यालगत उंच उडवितो. आपल्याकडे त्यास 'लिफ्टर' म्हणतात. तिसरा 'स्मॅश' : धांवत येऊन, उडी मारून, उंचावरून चेंडू खालीं हाणणें. टाळ्या तिसऱ्यास मिळतात. पण पहिला पास वेडावांकडा गेला कीं लिफ्टरची कला व्यर्थ जाते, आणि लिफ्ट चुकली कीं उंचांत उंच गड्याचा हात हवेंतच फिरतो.

चेंडू हातांत थांबवितां येत नाहीं, झेलतां येत नाहीं व फेंकतां येत नाहीं. तो क्षणमात्र लागून उडाला पाहिजे. शरीराच्या कोणत्याहि भागानें, पायानेंसुद्धां, तो मारला तर चालतो. चेंडू खेळतांना दोन्ही अँटेनांमधील जाळ्यास हात लागणें, अगर पाऊल सगळेंच्या सगळें मधली रेषा ओलांडून जाणें, हा दोष आहे. मागल्या ओळींतील गड्यास आक्रमणरेषेच्या पुढें येऊन जाळ्याहून उंच असलेला चेंडू प्रतिपक्षाकडे मारतां येत नाहीं. रेषेच्या मागून उडी घेतली तर मारतां येतो.

समोरून येणारा स्मॅश जाळ्यावर हात उंचावून अडविणें यास 'ब्लॉक' म्हणतात. तो पुढच्या ओळींतील गड्यांनींच करावयाचा. ब्लॉकचा स्पर्श तीनांत धरीत नाहींत, व ब्लॉक करणाऱ्यास लगेच चेंडू पुन्हां मारतां येतो. १९९८ सालीं 'लिबेरो' नांवाचा खास गडी आला. त्याचा सदरा निराळ्या रंगाचा असतो. तो मागल्या ओळींतच खेळतो, ब्लॉक करीत नाहीं आणि जाळ्याहून उंच चेंडूवर आक्रमण करीत नाहीं. चेंडू जमिनीवर पडूं न देणें हेंच त्याचें काम. आणि त्यासाठीं उंचीपेक्षां चपळाई अधिक लागते. १९६४ सालीं टोकियो येथें व्हॉलीबॉल प्रथम ऑलिंपिक सामन्यांत आला, तेव्हां जपानच्या महिलांनीं सुवर्णपदक जिंकलें, तें जमिनीवर लोळण घेऊन चेंडू उचलण्याच्या त्यांच्या कसबामुळें प्रसिद्ध आहे.

गुणांची रीत सोपी आहे. पूर्वीं ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळे, व डाव १५ गुणांचा असे. १९९८ सालीं आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल संघानें तो नियम बदलण्याचें ठरविलें. आतां प्रत्येक रॅलीचा, म्हणजे सर्व्हिसपासून चेंडू मरेपर्यंतच्या खेळीचा, गुण कोणास तरी मिळतोच. डाव २५ गुणांचा. पण निदान दोन गुणांची आघाडी हवी, म्हणून २४-२४ झाल्यास खेळ पुढें चालतो. पांचांपैकीं तीन डाव जिंकणारा विजयी. पांचवा डाव १५ गुणांचा असून त्यांत एका बाजूचे ८ गुण झाले कीं बाजू बदलतात.

हे सर्व नियम एकत्र पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. चेंडू धरून ठेवूं नये, लागोपाठ दोनदां मारूं नये, जागा अडवून बसूं नये : हे तिन्ही नियम एकट्याच्या हातीं खेळ जाऊं नये म्हणून आहेत. आणि खेदाची गोष्ट ही कीं, शाळांच्या पटांगणांवर यांपैकीं जो सर्वांत आधीं मोडला जातो तो फेरपालटाचा. उंच मुलगा सगळी संध्याकाळ जाळ्याशीं उभा राहतो, आणि ठेंगणीं मुलें मागच्या कोपऱ्यांत उभीं राहतात किंवा कुंपणाबाहेर गेलेला चेंडू आणून देतात. यांत अन्याय तर आहेच, पण तोटाहि आहे. त्या उंच मुलास पास कधींच येत नाहीं, आणि इतरांस स्मॅश कधींच येत नाहीं. पुढें खऱ्या सामन्यांत पंच उभे राहिले, फेरपालट सक्तीचा झाला, कीं हाच वीर मागच्या ओळींत येतो. आणि प्रतिपक्ष शहाणा असेल तर प्रत्येक सर्व्हिस नेमकी त्याच्याच पायाशीं टाकतो. जो संघ सरावांत फेरपालट पाळतो, त्याच्यांत असा दुबळा कोपरा राहत नाहीं.

दुसरें सांगणें प्रामाणिकपणाविषयीं. शाळेंतील रोजच्या खेळास पंच व रेषापंच नसतात. बाहेर जाणारा चेंडू बोटाच्या टोंकास निसटता लागला, हें पुष्कळदां ज्याला लागला त्यालाच कळतें. त्यानें हात वर करून तें सांगितलें तर एक गुण जातो खरा. पण पुढल्या वेळीं 'लागला नाहीं' असें तो म्हणाला म्हणजे त्याच्या शब्दावर कोणी वाद घालीत नाहीं.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, उद्यां पटांगणावर जाल तेव्हां आधीं सहाहि जागा नीट ठरवा, आणि सर्व्हिस मिळतांच न चुकतां सरका. जो मुलगा आज मागच्या कोपऱ्यांत उभा आहे, त्याची पाळी जाळ्याजवळ येऊं द्या. तो पहिले दहा स्मॅश जाळ्यांत मारील. अकरावा पलीकडे पडेल.